डोंगरावरून दिसणारा समुद्र

आमच्या डोंगराची माहितीपुस्तिका मी लिहिली, पण डोंगर कधी चढलो नव्हतो. तेवीस वर्षं हे कुणाला कळलं नाही. ग्रंथालयात बसून, एका जुन्या पाद्र्याच्या टिपणांवरून मी मजकूर जुळवला होता. चढायचं टाळण्याला कारण होतं. आम्ही गावकरी खाली रस्त्यावर एकमेकांकडे पाहतही नाही, आणि ते मला फार सोयीचं पडतं. डोंगरावर मात्र रीतच अशी, की समोरून येणाऱ्या प्रत्येकाशी हसून बोलावं लागतं. दोन-चार जण भेटले की मी परत फिरत असे.

या ऑगस्टमध्ये पोर्तुगालचं गायनमंडळ आमच्याकडे पाहुणं आलं आणि देल्फिना नावाच्या निवृत्त सुईणबाई माझ्या घरी उतरल्या. त्यांना डोंगर दाखवायचं सुन्निवाने परस्पर ठरवलं. सुन्निवा माझी शेजारीण, आणि गिर्यारोहण मंडळाची अध्यक्ष. पुस्तक लिहिणाराच सोबत असल्यावर आणखी काय हवं, असं ती त्यांना म्हणाली. आता आपलं पितळ उघडं पडणार, म्हणून मला न्याहारी गेली नाही.

वाटेत सतरा जण भेटले. सतरा वेळा हसून माझा जबडा दुखू लागला. पुस्तिकेचा इंग्रजी तर्जुमा हातात धरून देल्फिनाबाई चालत होत्या. तिसऱ्या पानावरचा धबधबा कुठे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सुन्निवाने एका ओघळाकडे बोट दाखवलं.

अकराव्या पानावर लिहिलं होतं, की स्वच्छ हवेत माथ्यावरून पश्चिमेला समुद्र दिसतो. हवा स्वच्छ होती. पश्चिमेला दुसरा डोंगर होता, आमच्याहून उंच.

देल्फिनाबाईंचं आयुष्य समुद्रकाठी गेलेलं. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सुन्निवाकडे पाहिलं. ती संत्रं सोलत होती.

माथ्यावर पत्र्याच्या पेटीत एक वही असते. वर आलेल्याने तीत नाव आणि हवामान लिहायचं. मी पानं चाळली. 'समुद्र दिसला.' 'समुद्र दिसला, जहाजंही.' एकट्या सुन्निवाला तो एकेचाळीस वेळा दिसला होता. क्षणभर माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मग पेन्सिल घेऊन मी लिहिलं, 'प्रथमच आलो. हवा स्वच्छ. समुद्र दिसत नाही. पुस्तिकेतली चूक माझी.'

सुन्निवाने ते वाचलं.

"प्रथमच?"

"हो."

"आणि समुद्र?"

"ऐकीव."

तिने तोंडातली फोड सावकाश संपवली.

"हे बघ आइलर्ट, तू चढला नाहीस त्याचं मला काही नाही. पण माझ्या सासऱ्यांना इथून देवमासा दिसला होता. त्यांच्या मयतीत पाद्रीबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलंय ते. आता त्यांना थडग्यातून उठवून विचारू?"

"पण समोर डोंगर आहे, सुन्निवा."

"आज आहे," ती म्हणाली.

माझ्या ओळीखाली तिने लिहिलं, 'हवा धूसर. समुद्र दिसला. आइलर्टने चष्मा बदलावा.' देल्फिनाबाईंना मी सगळा प्रकार सांगितला. त्या हसून हसून खाली बसल्या. मग पाहुण्याने कुणाची बाजू घेऊ नये म्हणून माझ्या डब्यातला पाव संपवून त्यांनी वहीत लिहिलं, 'चीज लावलेला पाव उत्तम होता.'

गिर्यारोहण मंडळाच्या पुढच्या सभेत, पुस्तिकेतून समुद्र काढावा, असं मी लेखी सुचवलं. सूचना चौदा विरुद्ध एक मतांनी पडली. तो एक मोजताना सचिवांनी विचारलं, की हात वर आहे की मी डोकं खाजवतोय.

मी हात आणखी वर केला.