प्रेमापोटी वरचा मजला

जगात माणसाला माणसाशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे रक्ताचं नातं, असं थोरले येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. थोरले शिंपी. पँटचं माप घेताना तर हमखास ऐकवत, कारण तेव्हा गिऱ्हाइकाला पळता येत नसे. फक्त धाकट्या भावाला ऐकवायचं राहून गेलं होतं. त्याच्याशी ते बोलत नसत.

धाकटा राहायचा त्यांच्या डोक्यावरच. घर बापाने बांधलेलं. खालचा मजला थोरल्यांच्या नावावर, वरचा धाकट्याच्या. पाण्याचा पंप खाली आणि त्याचं बटण वर, ही करामतही बापाचीच. पोरांनी एकमेकांना धरून राहावं, असा त्याचा हेतू असावा. भांडण नेमकं त्या पंपावरून झालं. पंप जळला तो कोणामुळे, याबद्दल दोघांचीही खात्री होती. तेव्हापासून अबोला. पण अबोल्याने टाकी भरत नाही. म्हणून थोरले कात्रीच्या मुठीने नळाच्या पाइपवर ठोका मारत. एक ठोका म्हणजे सुरू कर, दोन म्हणजे बंद. एक ठोका ऐकला की धाकटा वरून "हो" म्हणून ओरडे आणि बटण दाबे. दोघांमध्ये एवढा एकच शब्द शिल्लक होता, तोही एका बाजूचा.

मग धाकट्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट पसंत केला आणि सरकार मध्ये पडलं. घर घेतलं की सरकारला मुद्रांक शुल्क भरायचं. नव्या नियमाने नावावर आधीच एक घर असेल तर ते दुप्पट. वरचा मजला आधी विकून टाकावा, तर त्याचा जिना थोरल्यांच्या स्वयंपाकघरातून चढायचा. बघायला आलेली माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. थोरल्यांनीच विकत घ्यावा, तर किंमत परवडेना, आणि त्यावरचं शुल्क ऐकून तर त्यांनी खुर्चीचा हात धरला. शेवटी वकिलाने तोड काढली. भावाने भावाला बक्षीस दिलं तर शुल्क नावापुरतं. अट एकच: ते "प्रेम व आपुलकीपोटी" दिलेलं असलं पाहिजे, आणि तसं देणाऱ्याने अधिकाऱ्यासमोर तोंडाने म्हटलं पाहिजे. जावाजावांचं आपसात छान चालायचं; त्यांनी दोन्ही नवऱ्यांना न विचारता तारीख ठरवून टाकली.

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दोघे भाऊ दोन टोकांना बसले आणि मध्ये वकील, दोन्हीकडून घाम पुसत. नाव पुकारल्यावर तिघेही तिथल्या अधिकारीबाईंच्या लोखंडी टेबलापुढे जाऊन बसले. बाईंनी चष्मा वर केला.

"हा मजला तुम्ही यांना प्रेमापोटी देताय?"

धाकटा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, देतोय हे खरं. कशापोटी ते कागदावर लिहिलंच आहे, पुन्हा बोलून कशाला दाखवायचं. कागदावर काय, कोणीही काहीही लिहितं, असं बाईंचं म्हणणं पडलं. पुष्कळ आढेवेढे घेऊन धाकटा "तसं आहे जरासं" इथवर आला.

"प्रेम जरासं असेल तर शुल्क पूर्ण," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या. नियमात मधला टप्पाच नव्हता.

"मग आधी पंप कोणी जाळला, ते यांच्या तोंडून येऊ दे."

थोरल्यांनी मनात हिशेब मांडला. फ्लॅटचा करार उद्या सकाळी होता. आज हे जमलं नाही, तर वरचा मजला हातचा जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे धाकटा फ्लॅटचा नाद सोडून जन्मभर वरच राहणार. पंप मी जाळला, एवढंच म्हणायचं होतं. खरंही होतं ते. पण जीभ उचलेना. बाईंनी पेनाला टोपण लावलं. वकिलाने डोळे मिटले. थोरल्यांचा हात आपसूक टेबलावर गेला. दुकानातून घाईने निघताना शिवताना बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान काढायचं राहिलं होतं, आणि ते पत्र्यावर आपटलं.

एक ठोका.

"हो," धाकटा म्हणाला.

म्हणाला कसला, ओरडलाच, वरच्या मजल्यावरून ओरडावं तसा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची सही वाकडी गेली. बाईंनी टोपण काढून उत्तर लिहून घेतलं. आपण काय बोललो हे धाकट्याला जरा उशिराच कळलं, पण तोवर शब्द सरकारजमा झाला होता. चुकून दुसरा ठोका पडू नये म्हणून थोरल्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

सह्या झाल्या, अंगठे झाले. बाईंनी दोन्ही प्रतींवर शिक्के मारले. ठक्, ठक्. दोन ठोके, म्हणजे बंद. थोरल्यांच्या मनात आलं, आता पाइपवर कितीही ठोकलं तरी वरून ओरडणारं कोणी नाही. आपणच जिना चढायचा आणि आपणच आपल्याला हो म्हणायचं. घशात काहीतरी टोचलं. टाचणी गिळली की काय म्हणून त्यांनी आवंढा गिळून पाहिला. टाचणी नव्हती.

बाहेर व्हरांड्यात धाकटा त्यांच्याजवळ आला. पंप जळल्यापासून इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. थोरल्यांनी जीव एकवटला. "पंप मीच जाळला रे" हे वाक्य पार ओठांपर्यंत येऊन थांबलं.

धाकट्याने शाईने निळा झालेला अंगठा पुढे केला.

"दादा, तुझा रुमाल दे जरा. माझा नवा आहे."