टिचबटणांवरची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी, झिजलेली कवळी आहे, तीही खालच्या जबड्याची. हसू नका. वरची कवळी टाळूला चिकटून निवांत बसते. खालचीला मात्र जीभ सारखी ढकलत असते. आमचं नशीबच असं!

माझी मालकीण कपडे शिवते. टाचण्या दातांत धरून माप घ्यायची तिची जुनी खोड. पण तिने टाचणी धरली की मी उठायचे, टाचण्या सांडायच्या आणि गिऱ्हाइकासमोर तिची फजिती व्हायची. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी तिच्या जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले. हाडाने ते धरायला काही महिने गेले. मग मला खालून दोन खोबणी करून त्या स्क्रूंवर दाबलं. टक्!

"तुमच्या टिचबटणांसारखंच आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "रोज रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. आणि टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत!"

बाईंनी यातलं काही म्हणजे काही ऐकलं नाही. घरात नवी सून आली होती. मी नसले की बाईंचे गाल आत जातात, बोलणं बोबडं होतं. ते सुनेला दिसू नये म्हणून मी रात्रंदिवस तोंडातच. अहो, थकले हो मी! खाली खरकटं साचलं, हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं. वास येतो म्हणून बाई तोंडावर हात ठेवून बोलायला लागल्या.

डॉक्टरांनी तपासलं. "स्क्रू अजून घट्ट आहेत, पण भोवतीचं हाड झिजतंय. असंच चाललं तर दोन्ही जातील, आणि परत बसवायला हाडच उरणार नाही. तुम्हाला आतलं दिसत नाही ना? मग घरच्या कुणाला तरी रोज बघायला सांगा."

"सुनेला दाखवू? जीव गेला तरी नाही," असं बाई वाटभर पुटपुटत होत्या.

घरी सुनेने विचारलं, "आई, काय म्हणाले डॉक्टर?" बाईंना डॉक्टरांचं 'हाडच उरणार नाही' आठवलं. मग अंगठ्यांनी मला उचकटून वाटीत ठेवलं.

"बघ, अशी दिशते मी."

"अहो आई! एवढं सुजलंय आणि एकट्याच सोसत बसलात? मी काय परकी आहे का?" सून रागावली, तिचे डोळे भरून आले. टॉर्च आणून म्हणाली, "आ करा बघू."

बाईंनी आ केला. लाजेने डोळे मात्र घट्ट मिटून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तोंडावर हात धरून बोलत असेल, तर नाक मुरडू नका. जवळ बसा, "दुखतंय का?" असं विचारा. आमच्या बाईंना तेवढंच हवं होतं, आणि तेच मागायची त्यांना लाज वाटत होती.