खाराचं मडकं

डोंगरकडा गावच्या तातेरावांचं घर बघायला लांबून माणसं यायची. बघण्यासारखं त्या घरात होतं काय? काहीच नव्हतं, आणि ते नसणंच बघायला ती यायची. साबणाची वडी नव्हती, दातांच्या पावडरीचा डबा नव्हता, वासाच्या तेलाची बाटली नव्हती. मीठ, तुरटी, चहा-साखर आणि अंगावरचं कापड सोडलं तर "बाजाराचं तोंड आमच्या घरानं पाह्यलेलं न्हाई," असं तातेराव छातीला हात लावून सांगायचे. मग पाहुण्यांना परसात नेऊन एकेक मडकं उघडून दाखवायचे. हे बाभळीच्या कोळशाचं दंतमंजन, ही शिकेकाई, हे एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, आणि हा केळीच्या खुंटांचा खार. सालं गुरांना, गुरांचं शेण सारवणाला, चुलीची राख भांड्यांना. त्या घराचा उकिरडा बारा महिने उपाशी असायचा, असं गावातली माणसं गमतीनं म्हणत.

पाहुणे तोंडात बोट घालायचे आणि तातेरावांची छाती आणखी वीतभर फुगायची. आता खरं सांगायचं तर त्या दंतमंजनाला तातेरावांचं बोट लागायचं ते फक्त दात घासताना. करणारीण होती त्यांची सून, द्वारका.

तिचं वर्ष या मडक्यांनी वाटून घेतलेलं होतं. थंडीत रिठे फोडायचे, शिमग्याच्या आधी शिकेकाई वाळवून कुटायची, उन्हाळ्यात धान्यात कडुनिंबाचा पाला भरायचा, आणि केळीची बाग निघाली की तिचे खुंट वाळवून जाळायचे. ती राख बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात भरायची, वरून पाणी ओतायचं, खाली थेंब थेंब खार उतरायचा. तो करंजाच्या तेलात आटवला की कपड्याला लावायचा तपकिरी गोळा तयार. पंचमीला माहेरी जाईन म्हणावं तर नेमका खार उतरायला लागलेला असे. "सूनबाई गेल्यावर हे बघावं कुणी?" असं तातेराव मोठ्या मायेनं विचारायचे, आणि द्वारका बांधलेलं गाठोडं सोडायची. नवरा ग्यानोबा स्वभावानं गरीब. बापापुढं मान वर केली तर आभाळ कोसळेल असं मानणारा.

वस्तू वाईट नव्हत्या, हे द्वारकाही मान्य करायची. सासऱ्याचे दात सत्तरीतही ऊस सोलत होते. पण ज्या खारानं साऱ्या घराचे कपडे पांढरेशुभ्र निघत, त्यानं तिच्या हातांची पार रया घालवली होती. बोटांना भेगा, नखं पिवळी, तळव्यावरच्या रेषा पुसून गेलेल्या. एकदा गावात आलेल्या ज्योतिष्यानं तिचा हात धरला आणि काही न बोलता सोडून दिला. ती हसली होती तेव्हा. घरी येऊन रडली.

म्हणून तिनं एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. पोरीला, मंजुळेला, यातलं काही म्हणजे काही शिकवायचं नाही. मंजुळा मडक्यांजवळ आली की द्वारका तिला हाकलायची. "जा, पाटी घे. इथं काय करून राहिलीस?" गावातल्या बायका नावं ठेवायच्या, पोर आळशी निघंल म्हणायच्या. निघू दे, असं द्वारका मनात म्हणायची. आळशी पोरीला कुणी मडक्यापाशी बांधत नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून तीन-चार वर्षं झाली होती, मंजुळा लग्नाला आली होती, आणि एकाच महिन्यात दोन स्थळं चालून आली.

एक आणलं द्वारकेचा भाऊ जळबा यानं. मुलगा हिंगोलीच्या एस. टी. डेपोत गाड्या दुरुस्त करणारा. खोली भाड्याची, पण दारात नळ. "सकाळी चावी फिरवली की पाणी," जळबा सांगत होता, "आन् कोनाड्यात साबणाची वडी ठेवलेली." द्वारकेला एकदम आठवण झाली. पूर्वी कधीतरी भावाच्या घरी तिनं त्या लाल वडीनं हात धुतले होते, आणि परत येताना एस. टी.त सबंध वाटभर ती पदराआडून आपलेच हात हुंगत बसली होती. मंजुळेनंही तो मुलगा मामाच्या घरी एकदा बघितला होता. त्या दिवसापासून ती उगाचच गुणगुणायला लागली होती.

दुसरं स्थळ कुरुंद्याचं. उत्तमरावांचा थोरला मुलगा. हळदीचं मोठं रान, घरात खंडीभर माणसं. उत्तमराव हे तातेरावांच्या भक्तांपैकी एक. घर बघून गेले आणि त्यांनीही बाजार बंद केला. आता त्यांना सून हवी होती ती याच घरची, कारण बाजार बंद करणं सोपं असतं, पण मडकी कुणीतरी भरावी लागतात.

"पोरीचं सोनं व्हईल," तातेराव म्हणाले.

आगीतून निघून फुफाट्यात, द्वारकेच्या मनात आलं. इथं चार माणसांचे कपडे, तिथं वीस माणसांचे.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यापुढं तोंड उघडलं. पदर सावरून, दाराआडून म्हणाली, "मामंजी, हिंगोलीचं बी बघा की."

तातेराव ओसरीवर बसलेल्या जळबाकडं वळले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त स्वतःच्या कौतुकात बुडालेला होता. शेवटी जळबाला म्हणाले, "मी कुरुंद्याला शब्द देऊन बसलोय. ते बघून जाऊ द्या. त्यायनीच न्हाई म्हणलं, तर तुझं हिंगोलीचं बराबर करून टाकू. पुन्हा आडवा येणार न्हाई."

एवढी फट द्वारकेला पुरेशी होती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं मंजुळेला न्हाणीच्या मागं नेलं.

"हे बघ बाई, ते लोक तुझं रूप बघायला येत न्हाईत, तुझे हात बघायला येऊन राह्यलेत. खार कसा करतीस, मंजन कसं करतीस, हेच इचारतील. तू एकच म्हणायचं, येत न्हाई."

"खोटं बोलू?" मंजुळा हसली.

"खोटं कसलं? तुला येतंच कुठं काही? मी कवा शिकवलंय?"

मंजुळा आईकडं बघत राहिली, मग मान हलवून म्हणाली, "बरं माय. येत न्हाई म्हणते."

पाहुणे आले. उत्तमराव, त्यांची बायको केशरबाई आणि दोन म्हातारे. तातेरावांनी आधी परसाची यात्रा घडवली, मग सगळे ओसरीवर बसले. मंजुळा पाटावर, मान खाली. द्वारका आतल्या दाराशी उभी, कान ओसरीवर आणि जीव मुठीत.

नाव विचारून झालं, शाळा विचारून झाली. मग केशरबाईंनी पदर खोचला.

"मंजन कशाचं करतीस गं पोरी?"

"येत न्हाई मला."

"शिकेकाईत काय काय घालतीस?"

"न्हाई येत."

"आन् खार?"

"ते बी न्हाई."

उत्तमरावांच्या कपाळाला आठी पडली. एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. दाराआड द्वारका हरखली. तिला डोळ्यांपुढं नळ दिसला, चावी फिरवली की येणारं पाणी दिसलं, आणि त्याच्याखाली मंजुळेचे मऊ, गोरे, रेषांसकटचे हात दिसले. आता थोडंच राहिलं होतं. पाहुणे चहा घेतील, कळवतो म्हणतील आणि गाडी जोडतील.

केशरबाई मात्र चहाकडं न बघता उत्तमरावांना म्हणाल्या, "चला उठा. खाण तशी माती. मायलाच काही येत नसंल तर लेकीला कुठून येणार? येवढं नाव ऐकून आलो, आन् घरातली बाई निघाली बिनकामाची."

आता तातेरावांची पंचाईत झाली. नातीनं नाक कापलेलं, पाहुणा उठायला निघालेला. एक शब्द खरा बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण आजवर मिळवलेलं नाव कुणाच्या पदरात टाकायचं, हा त्यांना सवय नसलेला प्रश्न होता. ते खाली बघत म्हणाले, "काय सांगावं बाई. सूनबाईचं लक्षच नसतंय घरात. सगळं मलाच बघावं लागतंय. माझी तकलीफ मलाच ठावं."

ग्यानोबा बापाच्या शेजारी बसला होता. त्यानं चहाची बशी उचलली आणि फुंकर घालायला लागला.

दाराआड द्वारकेला ते शब्द ऐकू आले. लागले का? लागलेच. आत खोल कुठंतरी खाराचा थेंब उघड्या जखमेवर पडावा तसे लागले. पण तिनं दाराची कडी घट्ट धरली आणि मनात म्हणाली, बोला. काय बोलायचं ते बोला. मी आळशी, मी बिनकामाची, मी घरबुडवी. फक्त उठा आणि जा.

ती सोसायला तयार होती. मंजुळा तयार नव्हती.

"माझ्या मायला बिनकामाची म्हणू नका," पोरीचा आवाज ओसरीभर झाला.

"मंजुळे!" तातेराव ओरडले.

"मंजनाला बाभळीचा कोळसा लागतोय. तो माय उन्हात वाळवून कुटती, तीन डाव वस्त्रगाळ करती, तव्हा कुठं हिरडीला बोचत न्हाई. शिकेकाईत आवळा, मेथी आन् संत्र्याची साल. काजळाची वाटी उपडी धरताना वात मोठी ठेवली तर काजळ खरबडीत होतंय. खारासाठी केळीचा खुंट सावलीत वाळवला तर राख भिजकी निघती, तो उन्हातच वाळवायचा. खार उतरला का ते बोटं बुडवून बघायचं, बोटं बुळबुळीत लागली की उतरला. माझी माय हे सगळं एकली करती. या आबानं कवा राखंला हात लावलेला मी पाह्यला न्हाई."

द्वारकेच्या हातातली कडी सुटली.

कुठं शिकली ही पोर? कधी शिकली? पाटी घेऊन पायरीवर बसायची तेव्हा. मी हाकलायची, ती दोन पावलं मागं सरकायची आणि तिथून बघत राहायची. अगं वेडे, द्वारकेला ओरडून सांगावंसं वाटलं, गप बैस. अजून वेळ गेलेली नाही, चुकून बोलले म्हण. पण वेळ गेलेली होती. केशरबाईंचा चेहरा उजळला होता.

"अगं बाई! ही तर सगळं कोळून पिलीय. लाजत व्हती व्हय मघाशी?"

"मायची बाजू घेणारी पोर," उत्तमराव खुशीत म्हणाले, "ती सासूची बी घेईल. आमाला पसंत हाय."

आणि तातेराव? म्हाताऱ्यानं क्षणभर नातीकडं बघितलं, शेवटचं वाक्य गिळून टाकलं आणि मांडीवर थाप मारून हसले. "मग! नात कुणाची हाय?"

केशरबाईंनी मंजुळेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला. ग्यानोबानं साखर वाटली. दाराआड उभ्या असलेल्या द्वारकेच्या हातावरही कुणीतरी चिमूटभर ठेवली, आणि भेगेत शिरलेले दाणे तिला काढता येईनात.

गाडी गेल्यावर मंजुळा आत आली. ओटीत नारळ तसाच होता. आपण काय करून बसलो ते आता तिला कळलं होतं.

"माय, मला ऐकवलं न्हाई गं. तुला तसं म्हणले..."

द्वारकेला राग यायला हवा होता. तिनं तो शोधला, पण सापडला नाही. एवढ्या वर्षांत त्या घरात तिच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं माणूस होतं, आणि त्या बोलण्यानंच ते हातचं गेलं होतं. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि दोघीही रडल्या, आवाज ओसरीवर जाणार नाही अशा बेतानं.

"आबाला सांगू का, मला न्हाई जायाचं म्हणून?" मंजुळा म्हणाली.

"शब्द गेला बाई. आता त्यायला कुणी सांगावं?" द्वारकेनं डोळे पुसले. मग मंजुळेचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, आणि तळव्यावरच्या रेषांवरून आपलं खरखरीत बोट फिरवलं. "सगळं बघून शिकलीस. पण एक तुला दिसलं नसंल. ते मी सगळे जेवल्यावर, मागल्या अंगाला करायची."

"काय गं?"

"खार बोटानं बघायचा न्हाई. पाखराचं पीस टाकून बघायचा, पीस विरघळलं की खार उतरला. आन् हाताला लागलाच, तर चिंचेच्या पाण्यात हात बुडवून बसायचं. आग कमी होती. मला हे लई उशिरा उमगलं. तव्हा हात गेले होते."

परसात मडक्यातून खार ठिबकत होता, उद्या तो आटवायचा होता.

आजवर जे शिकवायचं नाही म्हणून द्वारकेनं जीव आटवला, ते आता नीट शिकवल्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. ती उठली, फडताळातून चिंचेचा गोळा काढला आणि पोरीच्या हातात दिला.

"जा, भिजत घाल," ती म्हणाली. "उद्या माझ्यासंगं बस."