भावोजी आणि न पुसली जाणारी फाइल

कवळ्या बनवणारीच्या लॅपटॉपवर त्या सकाळी नव्या जबड्याचा स्कॅन उतरेना. डिस्क भरली आहे, असं पडद्यावर आलं आणि तेवढ्यात ताई आणि भावोजी दारात उभे राहिले. ताईची झोपताना घालायची दातांची पट्टी टोचत होती, ती घासून हवी होती. भावोजी काही दुरुस्त करायला कुणी न बोलावताही येत.

भावोजी एका कचेरीत प्रिंटरची शाई बदलत. घरात मात्र ते 'इंजिनिअरसाहेब' होते. हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

"सरक जरा, मेहुणीबाई," असं म्हणेपर्यंत ते तिच्या स्टुलावर बसलेही.

मागच्या वर्षीही असेच बसले होते आणि 'जुना कचरा' म्हणून चाळीस जबड्यांचे स्कॅन उडवून मोकळे झाले होते. महिन्याभराने एका आजोबांची कवळी पडून दुभंगली. स्कॅन नाही म्हटल्यावर सुजलेल्या हिरडीचं पुन्हा माप घ्यावं लागलं. आजोबा बिचारे डोळे मिटून खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. भावोजी मात्र वर म्हणाले होते, "कॉपी ठेवायला नको का?" ताईला वाईट वाटेल म्हणून तिने तेव्हा अवाक्षर काढलं नव्हतं. त्या गप्प बसण्याची तिला भावोजींइतकीच चीड होती.

आज भावोजी माउस फिरवत फिरवत एका लपवलेल्या फाइलपाशी पोचले. "तेरा जीबी. सापडला चोर." त्यांनी डिलीट दाबलं. फाइल हलेना. लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा दाबलं. तरी ती तिथेच.

"व्हायरस आहे," त्यांनी निकाल दिला. "सगळं पुसून नव्याने टाकावं लागणार."

"फाइल वापरात आहे असं लिहिलंय तिथे. वाचलंत का?"

"व्हायरस असंच लिहितो."

इतका अडाणीपणा इतक्या शांत आवाजात ऐकून तिला जवळजवळ कौतुक वाटलं.

"उठा भावोजी," ती म्हणाली.

ते ताईकडे बघत उठले. ताई खिडकीबाहेर बघत होती.

तिने फोनवर फाइलचं नाव शोधलं आणि लॅपटॉपच्या कंपनीने दिलेली माहिती शेवटपर्यंत वाचली. भावोजींनी हा उद्योग आयुष्यात केला नव्हता. लॅपटॉप हायबरनेट झाला, की उघडी असलेली कामं तो या फाइलमध्ये ठेवून बंद होतो. ती हाताने पुसायची नसते. हायबरनेटच बंद केलं की आपोआप जाते. ती तर रोज काम सेव्ह करून लॅपटॉप पूर्ण बंद करत होती. तिने कमांडची काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडली, पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, असं लिहिलं आणि एंटर दाबलं.

"काहीच झालं नाही," भावोजी हसले.

तिने ड्राइव्ह उघडून दाखवला. फाइल गेली होती, तेरा जीबी मोकळे झाले होते. जबडा निमूट उतरला.

"मी तेच म्हणत होतो," भावोजी म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी नातेवाइकांत सांगितलं, की मेहुणीने लॅपटॉपची वाट लावली, आता सुरू व्हायला वेळ खातो. वेळ लागत होता हे खरंच. हायबरनेटबरोबर झटपट सुरू होणंही बंद होतं, हे तिने आधीच वाचलं होतं. तेवढ्या वेळात तिचा एप्रन बांधून होई.

पुढच्या सोमवारी ताई एकटीच आली. पिशवीतून तिने स्वतःचा लॅपटॉप काढला.

"यातही जागा नाही. ह्यांना सांगू नकोस."

"बॅटरी संपेपर्यंत काम उघडं ठेवतेस का? तसं असेल तर हायबरनेट राहू दे, उपयोगी पडतं."

"छे, मी बंद करूनच उठते."

"मग बस. तूच लिही."

ताईने काळ्या खिडकीत एकेक अक्षर शोधत तीच ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि ड्राइव्ह उघडून पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

ताईने लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "अठरा वर्षं मी या माणसाला विचारून टीव्हीचा आवाज वाढवतेय."