एक जूनची माणसं

आमच्या शहापूर-मुरबाडकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो. जन्माची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसायची. पोर शाळेत आणलं की गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या बाबांची एक जून, काकांचीही एक जून. यात गुन्हा आहे, हे मला अनिकेत सरांनी शिकवलं.

मी शहापुरात घरी बसून ठाण्याच्या एका लहानशा कंपनीचं काम करते. अनिकेत सर माझे वरिष्ठ. एका खाजगी नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाची साइट आम्हीच बनवली आहे. तिथे राखीव जागेसाठी, जातीचा जुना पुरावा म्हणून, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख भरावी लागते. मूळ दाखला नंतर कॉलेजात दाखवायचा. तारीख जुळली नाही तर प्रवेश रद्द.

परवा सकाळी टोकावड्याहून चिमाआजी दारात उभी राहिली. ही माझ्या आईची मावशी. मुरबाडला एसटी बदलून नातीला, संघरत्नाला, घेऊन आली होती. पोरीचा अर्ज तीनदा परत आला होता आणि तिन्ही वेळा शेरा एकच: ‘दाखला बनावट’. त्याच संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. मुरबाडच्या सायबरवाल्याने तिला युक्तीही सांगितली होती, की अठ्ठेचाळीसच्या जागी अठ्ठ्याहत्तर साल टाक, अर्ज जातो, सगळे तेच करतात. संघरत्ना नाही म्हणाली होती.

चिमाआजीने पिशवीतून नवऱ्याचा, म्हणजे महादूआजोबांचा, दाखला काढला. एक जून १९४८.

“माणूस गेला तवा त्याच्यावर एक डाग नव्हता गो,” ती म्हणाली. “आता तुझं मशीन त्याला खोटा म्हनतंय.”

तुझं मशीन. मला मान वर करवेना.

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, नाकारलेले अर्ज एक्केचाळीस, त्यातल्या तिसांत तारीख एक जून, एवढा योगायोग असतो का? रॅकेट आहे ते. मी गुरुजींची पद्धत सांगायला लागले तर त्यांना मीटिंग होती. माझं डोकंच फिरलं. तीस घरांना चोर ठरवायला या माणसाला अर्धं मिनिट पुरलं होतं.

मग मीच बसले. साइटच्या पानावरची स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये आहे. ती तारखेचा आकडा करते आणि तपासायला दुसऱ्या कोडकडे देते. तो सी या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला आहे. मी महादूआजोबांची तारीख भरली आणि आकडा निघताना काय आहे, पोचताना काय आहे, हे दोन्हीकडे छापून पाहिलं. संगणक सेकंद मोजतो ते १९७० सालापासून, त्याआधीची तारीख म्हणजे उणे आकडा. स्क्रिप्टने बरोबर उणे अडुसष्ट कोटी पाठवले होते. पलीकडच्या कोडला मात्र उणे आकडा घेताच येत नव्हता. त्याने त्याचे तीनशे एकसष्ट कोटी केले आणि महादूआजोबांचा जन्म काढला सात जुलै २०८४.

म्हणजे आजोबा अजून जन्माला यायचे होते. जन्म पुढच्या काळातला, सबब दाखला बनावट! आणि १९७८ला जन्मलेल्या माणसाची नात यंदा बारावी झाली, हे आमच्या साइटला खुशाल पटत होतं. आम्ही चाचणी घेतली होती ती स्वतःच्या जन्मतारखा भरून. ऑफिसात सत्तरच्या आधी जन्मलेलं कोणी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

तो सीचा कोड लिहिला होता अनिकेत सरांनी. उणे आकडे नाकारणारा एक शब्द खोडायचा होता. मी तो खोडला आणि साइटवर लावायच्या परवानगीसाठी पुन्हा फोन केला. सर म्हणाले, “लाव. पण चूक वगैरे लिहू नकोस. तांत्रिक सुधारणा म्हण.” मुदत वाढवा म्हटलं तर ते कॉलेजच्या हातात, सोमवारी विचारू म्हणाले.

चार वाजून दहा मिनिटांनी संघरत्नाने खरी तारीख भरली. चिमाआजीने मला विचारलं की आता काय लिहिलंय त्याच्याबद्दल. मी वाचून दाखवलं, दाखला ग्राह्य. तिने दाखला पुन्हा पिशवीत गुंडाळला आणि पाणी मागितलं.

मी पाणी देऊन परत आले, बाकीच्यांना पुन्हा अर्ज भरा असा मेसेज पाठवायला यादी उघडली. एक्केचाळीसपैकी सतरा जणांचे अर्ज आधीच मंजूर दिसत होते. आधी एक जून १९४६, खाली नवी नोंद १९७६. आधी १९५१, नंतर १९८१. खरं बोलले तेव्हा आम्ही त्यांना खोटं ठरवलं, आणि खोटं बोलले तेव्हा त्यांचं अभिनंदन केलं. आता कॉलेजात मूळ दाखला निघाला की हीच माणसं पकडली जाणार होती, आणि सर म्हणणार होते, बघ, मी सांगितलं नव्हतं?

साडेचार झाले होते. मी फोन उचलला. त्या सतरांतलं पहिलं नाव खर्डीच्या एका मुलीचं होतं. फोन तिच्या वडिलांनी, नामा यांनी, घेतला. मी सांगितलं, चूक आमची होती, तुमची नाही, पाचच्या आत दाखल्यावरची खरी तारीख भरा.

पलीकडे त्यांनी मुलीला दाखला काढायला सांगितलं.

“भरतो ताई,” ते हळूच म्हणाले. “पन खरी चालंल ना आता?”