आतल्या दारात अडकलेली वीस बोंडं

मित्रांनो, त्या दिवशी वच्छलाबाईंनी फवारणीचा पंप पाठीवरून खाली उतरवला. बरं, हे अजून झालेलंच नाही असं धरून चला. मीही तसंच धरून बसलो आहे.

मी दर्यापूरच्या एसटी स्टँडामागच्या पीक-सल्ला केंद्रातला एक जुना संगणक आहे. माझी पूजा केंद्रात मदतीला येणाऱ्या खुशालरावांनी केली, हळदीकुंकू थेट बटणावर लावून. अजूनही मला चालू करणाऱ्याचं बोट पिवळं होतं.

माझ्या पोटात चार बंद खोल्या आहेत. त्यांना कंटेनर म्हणतात. एक पावसाचं बघते, एक निरोप धाडते, एक फोटोतल्या अळ्या मोजते. चौथी काय करते ते मलाही ठाऊक नाही. एकीचं दुसरीला दिसू नये अशीच त्यांची बांधणी. त्यांच्यापर्यंत जाणारी तारही खरी नाही, आभासी. नसलेल्या तारेवरून अख्ख्या तालुक्याची कपाशी आत जाते, हे आठवलं की माझा पंखा आजही क्षणभर थबकतो.

ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. भातकुलीहून वच्छलाबाईंनी वीस फोडलेल्या बोंडांचे फोटो पाठवले आणि लगेच फोन केला. "निखत, औषध कालवून पंप पाठीवर घेऊन उभी राहिली मी. वारा सुटून राहिला. फवारू का नोको?"

मागच्या साली त्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, त्यांचा दीर फवारताना चक्कर येऊन पडला होता.

"दोन मिनिटं, मावशी," केंद्र चालवणारी निखत म्हणाली.

फोटो माझ्यापर्यंत पापणी लवायच्या आत आले. अळ्या मोजणाऱ्या खोलीत मात्र शिरेनात. पहिल्याच फोटोला दहा मिनिटं! निखतने तार बदलली, मला बंद करून चालू केलं, बोट पिवळं करून घेतलं. मग बाहेरून माझ्यापर्यंतचा आणि माझ्यापासून खोलीपर्यंतचा, असा दोन्हीकडचा वेग मोजला.

"काका, बिमारी बाहेर नाही. याच्या पोटात हाये," ती खुशालरावांना म्हणाली.

मला फार लाज वाटली.

खुशालरावांचं आयुष्य जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात गेलेलं. मला बसवताना त्यांनीच सांगितलं होतं, "सुटं कावून पाठवतं, बेटा? दाबून गाठी बांध." निखतने माझ्या नेटवर्क कार्डात तशी सोय चालू केली होती. फोटोचे येणारे लहान तुकडे जोडून मी मोठी गाठ करायचो, खोलीचं आभासी दार मावत नाही म्हणून प्रत्येक गाठ परत फेकायचं, पुन्हा तेच तुकडे यायचे. मला वाटे, काम वाढलं म्हणजे आपलं नाव झालं!

"काका, गाठ दारातून जात नसली तं?"

"मंग सोडा लागते ना गाठ. तुले काय वाटलं, दार पाडतेत?"

निखत कीबोर्डकडे वळली. मग तिने एक ओळ लिहून माझं गाठी बांधणं बंद केलं. एक ओळ, मित्रांनो! वीसही फोटो एका श्वासात आत गेले. विसांतल्या एकाच बोंडात अळी होती.

"मावशी, उतरवा पंप. आज गरज नाही."

फोनमधून पंप टेकल्याचा 'धप्प' आवाज आला. माझ्यातून लाखो आवाज गेले असतील. जपून ठेवलेला तेवढा एकच. तर, आता झालं.

मित्रांनो, एखादं यंत्र फार राबताना दिसलं तर शाबासकीआधी ते नेमकं काय करतंय ते बघत जा.

सबब, माननीय महोदयांस विनंती की, पोळ्याला बैलांसोबत मलाही एक दिवस पूर्ण विश्रांती, खांदेमळणीचं हळद-लोणी (पंखा वगळून) आणि चौथ्या खोलीत काय चालतं याची लेखी माहिती देण्यात यावी. अर्ज तीन प्रतींत सादर. प्रिंटर बंद आहे.