लाल त्रिकोण डोक्यावर

"आमची शेळी बी हाकेला कान हलवती, शालू. ही पोरगी वळत नाय. दाखव कुणाला तरी."

गेल्या दिवाळीत सासूबाई हे बोलल्या आणि मला राग आला. त्या अजिंठ्याकडच्या, आयुष्य शेळ्यामेंढ्यांमागं गेलेलं. मी म्हटलं, "आत्या, लेकराला शेळीशी तोलता का? तिचं लक्ष खेळात असतं." तीन वर्षांची दीपमाला तेव्हा 'आई' आणि 'पाणी' एवढंच बोलायची, पण तिचे पप्पा, अजिनाथ, तेही म्हणे उशिरा बोलले होते. मी पदवीधर. मोबाईलवर वाचलं होतं, प्रत्येक मूल आपल्या वेळेनं बोलतं. विषय संपला.

अजिनाथ वाळूजला कंपनीत. दुपारी ते सेकंड शिफ्टला निघाले की पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि दिपू. बोलायला कुणी नाही, म्हणून मी तिच्याशीच बोलायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, अखंड. मध्येच ती माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. मला वाटायचं, लाडात आली.

उन्हाळ्यात बिल्डिंगमधली तीन पोरं गोळा करून हॉलमध्ये चित्रांचा वर्ग सुरू केला. फी-बी काही नाही, घरात आवाज असावा म्हणून. बांगडी ठेवून गोल काढायचा, पेढ्याचा रिकामा खोका ठेवून चौकोन. भेंडी कापून फुलांचे ठसे. घोटीव कागदाचे तुकडे चिकटवून घर, डोंगर, सूर्य. मी एक तुकडा वर धरायची आणि म्हणायची, "हा निळा चौकोन, शोधा!" सगळ्यात आधी दिपूचा हात वर. वरच्या मजल्यावरच्या मोनिकाताई म्हणायच्या, "तुझी लेक बोलत नाही, पण हुशार आहे गं." ते वाक्य मी दिवसभर पुरवायची.

परवा वर्ग चालू असताना दूध उतू चाललं म्हणून स्वयंपाकघरात धावले. तिथूनच ओरडले, "लाल त्रिकोण डोक्यावर!" गॅस बंद करून दारातून पाहिलं. दोघांच्या डोक्यावर लाल त्रिकोण. मोनिकाताईंचा शिवम मात्र चावट. त्यानं मुद्दाम पिवळा गोल ठेवून जीभ बाहेर काढलेली. दिपूनं त्याच्याकडे पाहिलं, आपलाही पिवळा गोल उचलून डोक्यावर ठेवला आणि जीभ काढली.

पोरं खिदळली. "काकू, दिपूला लाल येत नाही!"

"येतो तिला लाल," मी म्हटलं. पुन्हा खेळ घेतला. या वेळी तुकडा दाखवला नाही, तोंडापुढं पुठ्ठा धरला. "हिरवा चौकोन!" ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली, मग शेजारच्या हाताकडे.

पोरांना घरी लावून दिलं. दिपू पाठमोरी बसून सूर्य चिकटवत होती. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. परात आपटली तशी ती दचकून वळली, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच खाली बसले. मग सुचलं, फरशी हादरली असेल. देवाची घंटी आणली, तिच्या डोक्यामागं वाजवली. वाजवतच राहिले. ती सूर्याला किरणं लावत होती.

अजिनाथला फोन लावला. शिफ्टमध्ये त्यांचा फोन लॉकरमध्ये असतो. वाजून वाजून बंद झाला. मग आत्यांना लावला.

"आत्या, ती घंटीला वळली नाय." माझ्याही तोंडून 'नाय'च निघालं.

पलीकडून नुसत्या शेळ्या ऐकू येत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं व्हतं तुला.

"रडती का काय तू? रडू नको. तुझ्या तोंडाकडं बघून घाबरंल ती. दवाखान्यात कधी नेती?"

"सोमवारची वेळ मिळते का बघते."

"मी ऐतवारीच येते. तवर तिच्याम्होरं बसून बोल."

फोन ठेवला. इतके महिने मी बोलत होते ती कुणाशी, हे मनात आलं आणि माझं तोंडच मिटलं. दिपूनं येऊन हनुवटी धरली. वाट पाहत राहिली. मी म्हटलं, "लाल." तिनं माझ्या ओठांना बोट लावलं.

सोमवारी काय निघेल, मला माहीत नाही. तुमच्या घरात किंवा शेजारी असं गप्प, हुशार लेकरू असेल तर आज एवढं करा. ते पाठमोरं बसलेलं असताना, काही न दाखवता, काही न आपटता, हळूच हाक मारा. बहुतेक वळेल. तरी मारून बघा.